जनरल ग्रँट : यादवी युद्धाचा विजेता आणि त्याची कसोटी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. ते चरित्र बहुधा आपल्याच भूमीतील पुरुषाचे असते. यंदा आम्ही सातासमुद्रापलीकडील एका सेनापतीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ह्याला कारणे दोन आहेत. ज्या युद्धात हा पुरुष उदयास आला ते युद्ध माणसाने माणसास विकत घ्यावे काय, ह्या प्रश्नावर पेटले होते. आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत शतकानुशतके पाहिलेल्या आपल्या समाजाला तो प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. दुसरे असे की, चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत हा पुरुष जगाच्या दृष्टीने वाया गेलेला होता. अशा मनुष्याच्या हातून पुढे काय घडले आणि काय घडावयाचे राहून गेले, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच विचार करावयास लावणाऱ्या आहेत.

युलिसीस ग्रँट याचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात पॉइंट प्लेझंट नावाच्या लहानशा वस्तीत झाला. त्याचा बाप जेसी ग्रँट हा कातडी कमावण्याचा धंदा करी. आई हॅना ही शांत व मितभाषी होती, आणि तिचा तो गुण मुलात पुरेपूर उतरला. ओल्या कातड्यांचा वास आणि रक्त ह्यांची मुलाला अतिशय किळस येई. ही किळस जन्मभर राहिली. पुढे लक्षावधी सैन्याचा अधिपती झाल्यावरही पुरते करपल्याखेरीज मांस त्याच्या घशाखाली उतरत नसे. घोडा मात्र त्याचा जिवलग होता. कितीही द्वाड जनावर असो, हा अबोल मुलगा त्याला माणसाळवी.

बापाच्या आग्रहावरून, स्वतःची विशेष इच्छा नसताना, तो १८३९ साली वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात दाखल झाला. त्याचे मूळ नाव हिराम युलिसीस; परंतु शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने कागदावर युलिसीस एस. ग्रँट असे लिहिले, आणि तेच नाव इतिहासात कायम झाले. १८४३ साली परीक्षा झाली तेव्हा ३९ जणांत त्याचा क्रमांक २१ वा लागला. वर्गात मागे असलेला मुलगा आयुष्यातही मागेच राहतो असे नाही, हे आमच्या अध्यापनकाळात आम्ही हेच उदाहरण देऊन मुलांस सांगत असू.

१८४६ ते १८४८ च्या मेक्सिकोवरील स्वारीत त्याने सैन्याच्या रसद-पुरवठ्याचे काम पाहिले व लढाईतही धैर्य दाखविले. ते युद्ध मात्र त्याच्या मते अन्यायाचे होते. त्या युद्धात जिंकलेल्या नव्या मुलखात गुलामगिरी चालू द्यावी की नाही, ह्यावरूनच पुढे उत्तर व दक्षिण ह्यांच्यातील तेढ विकोपास गेली.

१८४८ साली त्याचा विवाह ज्यूलिया डेंट हिच्याशी झाला. सासरा मिसुरी राज्यातील मळेवाला असून त्याच्या पदरी अनेक गुलाम होते. ग्रँटचे आईबाप गुलामगिरीचे विरोधक. ते लग्नास आले नाहीत. अशा रीतीने ज्या प्रश्नाने पुढे देश दुभंगला, तो प्रश्न ग्रँटच्या घरात लग्नाच्या दिवशीच येऊन उभा राहिला होता.

लग्नानंतर त्याची नेमणूक दूर पॅसिफिक किनाऱ्यावर झाली. पगार तुटपुंजा, बायकोमुलांस तेथे नेणे अशक्य. एकलेपणाने तो खचला, मद्याच्या आहारी गेल्याचा बोभाटा झाला, आणि १८५४ साली त्याने लष्कराचा राजीनामा दिला. परत येताना न्यूयॉर्कमध्ये त्याच्याजवळ पैसा उरला नव्हता. वेस्ट पॉइंटचा जुना सोबती सायमन बक्नर याने त्या वेळी त्याला हात दिला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील सहा वर्षे म्हणजे अपयशांची मालिकाच होय. सेंट लुइस शहराजवळ त्याने स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधून शेती केली, ती फसली. एकेकाळचा हा कॅप्टन शहरातील रस्त्यांवर जळाऊ लाकूड विकीत फिरे. आपल्याकडे ज्या १८५७ साली बंडाचा वणवा पेटला होता, त्याच वर्षीच्या नाताळात त्याने आपले सोन्याचे घड्याळ २२ डॉलरांस गहाण टाकले.

ह्याच दिवसांतील एक गोष्ट आम्हास त्याच्या सर्व विजयांहून मोलाची वाटते. सासऱ्याच्या घरच्या वातावरणात विल्यम जोन्स नावाचा सुमारे पस्तीस वर्षांचा एक गुलाम ग्रँटच्या मालकीचा झाला होता. अशा धडधाकट माणसाचे बाजारात शेकडो डॉलर आले असते. घरात चणचण, अंगावर कर्ज. तरीही २९ मार्च १८५९ रोजी न्यायालयात जाऊन ग्रँटने त्याच्या मुक्ततेचा कागद करून दिला. त्याने ह्याचा डांगोरा पिटला नाही. तेव्हा तो कोणी पुढारी नव्हता, आणि ह्या कृत्याबद्दल त्याला मत अथवा मान मिळावयाचा नव्हता. स्वतःचे नुकसान होत असताना दुसऱ्यास माणूस म्हणून मोजणे ही खरी कसोटी होय. ही कसोटी ग्रँटच्या आयुष्यात पुनःपुन्हा आली. तो तीत कोठे उतरला आणि कोठे उतरला नाही, हेच आम्हास सांगावयाचे आहे.

१८६० साली निरुपाय होऊन तो इलिनॉय राज्यातील गॅलिना गावी बापाच्या कातडी मालाच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करू लागला. त्याच वर्षी अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. त्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ चाळीस लक्ष माणसे गुलाम होती, आणि दक्षिणेची सारी श्रीमंती कापसाच्या मळ्यांवर, म्हणजे त्यांच्याच घामावर उभी होती. गुलामगिरीचा विस्तार होऊ न देणारा अध्यक्ष दक्षिणेस नको होता. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून फुटले. होता होता अकरा राज्ये फुटली व जेफर्सन डेव्हिस हा त्यांचा अध्यक्ष झाला. १२ एप्रिल १८६१ रोजी समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले.

ह्या युद्धाची झळ महाराष्ट्रासही लागली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडताच विलायतेतील गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. त्या पुराचे मूळ मिसिसिपी नदीच्या काठी होते, हे तेव्हा किती जणांच्या ध्यानात आले असेल!

युद्ध सुरू होताच शिकलेल्या सैनिकांची गरज पडली. ग्रँटला एका बेशिस्त पलटणीचे कर्नलपद मिळाले. त्याने ती पलटण आरडाओरड न करता वळणावर आणली. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने टेनेसी राज्यातील हेन्री व डोनेलसन हे दोन किल्ले घेतले. डोनेलसनच्या किल्लेदाराने अटी विचारल्या, तेव्हा बिनशर्त शरणागतीवाचून दुसरी अट नाही असे ग्रँटने कळविले. तो किल्लेदार म्हणजे न्यूयॉर्कमध्ये त्याला हात देणारा सायमन बक्नर होय. शरणागती पत्करल्यावर ग्रँटने त्याला एका बाजूस नेऊन आपली पैशाची थैली पुढे केली, असे सांगतात. कर्तव्य आणि कृतज्ञता ह्यांची गल्लत न करता दोन्ही राखणे हे थोड्यांनाच साधते.

लगेच एप्रिल महिन्यात शायलो येथे दोन दिवस घनघोर संग्राम झाला. पहिल्या दिवशी ग्रँटची फौज बेसावध सापडली व नदीपर्यंत मागे रेटली गेली. परंतु त्याने धीर सोडला नाही आणि दुसऱ्या दिवशी बाजी फिरविली. दक्षिणेचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन तेथे पडला. दोन्ही बाजू मिळून तेवीस हजारांवर माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. एवढा रक्तपात देशाने पूर्वी पाहिला नव्हता. ग्रँटला काढून टाका असा कल्लोळ उठला. लिंकनने मात्र त्याला काढले नाही.

सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटम येथे दक्षिणेचा रणधुरंधर सेनापती रॉबर्ट ली याची चढाई थोपविली गेली, आणि ती संधी साधून लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर मुलखातील सर्व गुलाम स्वतंत्र ठरले. त्याआधीच मळे सोडून हजारो स्त्री-पुरुष व मुले ग्रँटच्या छावणीकडे धाव घेत होती. त्याने त्यांना हाकलून दिले नाही. जॉन ईटन नावाच्या एका सैनिकी पाद्र्यास त्यांची व्यवस्था नेमून दिली, शेतात उभा असलेला कापूस त्यांच्याकडून वेचून घेतला आणि त्याची मजुरी दिली. ज्या पिकासाठी पिढ्यान्‌पिढ्या फटके खाल्ले, त्याच पिकाचे दाम पहिल्यांदा त्यांच्या हातात पडले.

परंतु चरित्रकाराने नायकाचा डाग लपवू नये. ह्याच हिवाळ्यात, कापसाच्या चोरट्या व्यापारावर चिडून ग्रँटने आपल्या ताब्यातील मुलखातून सर्व ज्यू लोकांना घालवून देण्याचा हुकूम काढला. काहींच्या अपराधासाठी सबंध जमातीला दोषी ठरविण्याचाच हा प्रकार होता. लिंकनने तो हुकूम तत्काळ रद्द करविला. ग्रँटला त्याची पुढे लाज वाटली, आणि अध्यक्ष झाल्यावर त्याने अनेक ज्यू गृहस्थांना मानाच्या जागा दिल्या. तरी डाग तो डागच. एका जमातीस न्याय देणाऱ्याच्या हातूनही दुसरीवर अन्याय होऊ शकतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८६३ च्या जुलै महिन्यात युद्धाचे पारडे फिरले. १ ते ३ जुलै रोजी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे जनरल मीड याने लीचा पराभव केला. तेथे दोन्हीकडील मिळून पन्नास हजारांच्या वर माणसांची हानी झाली. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै रोजी, सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर मिसिसिपी काठचे व्हिक्सबर्ग ग्रँटच्या स्वाधीन झाले आणि एकोणतीस हजारांवर सैनिक शरण आले. ती महानदी उगमापासून मुखापर्यंत उत्तरेच्या ताब्यात आली व दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

ह्याच सुमारास कृष्णवर्णीय सैनिक रणांगणावर उतरले. जूनमध्ये मिलिकेन्स बेंड येथे, हाती बंदूक येऊन फार दिवस न झालेल्या माणसांनी हातघाईची झुंज दिली. जुलैमध्ये वॅग्नर किल्ल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हल्ला चढविला. तिचा तरुण कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तेथे पडला. गुलामगिरीतून पळून येऊन थोर वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लस याचा मुलगा लुइस त्या हल्ल्यात होता. युद्ध संपेतोवर सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. मुक्ती त्यांना कोणी दान केली नाही, तिच्यासाठी त्यांनी रक्त दिले, हे विसरता कामा नये.

नोव्हेंबर १८६३ मध्ये चॅटानूगा येथे ग्रँटने आणखी एक मोठा विजय मिळविला, आणि मार्च १८६४ मध्ये लिंकनने सर्व सैन्याची सूत्रे त्याच्या हाती दिली. जॉर्जियाकडे शर्मनला धाडून तो स्वतः लीवर चालून गेला. मे महिन्यात विल्डरनेसच्या घनदाट रानात लढाई झाली. झाडोरा पेटून जखमी माणसे जिवंत जळाली. पूर्वीचे सेनापती असा मार बसला की माघार घेत. ग्रँटने घोडा दक्षिणेकडेच वळविला, आणि ते पाहून थकलेल्या सैनिकांनी जयघोष केला. पुढे स्पॉट्सिल्व्हेनिया, नंतर कोल्ड हार्बर. कोल्ड हार्बरचा ३ जूनचा हल्ला व्यर्थ गेला व हजारो माणसे पडली. त्या हल्ल्याची खंत ग्रँटला अखेरपर्यंत होती. वृत्तपत्रे त्याला खाटीक म्हणू लागली. तरी त्याने पीटर्सबर्गला वेढा घातला आणि लीला तेथे नऊ महिने खिळवून ठेवले. इकडे सप्टेंबरमध्ये शर्मनने अटलांटा घेतले व डिसेंबरअखेर तो समुद्रकाठच्या सव्हाना शहरी पोहोचला.

वेढा चालू असता त्या जुन्या कसोटीने ग्रँटला पुन्हा गाठले. ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने युद्धकैद्यांची अदलाबदल करण्याची सूचना केली. कृष्णवर्णीय सैनिकांनाही गोऱ्यांप्रमाणेच परत कराल काय, असे ग्रँटने विचारले. जे पूर्वी गुलाम होते ते मालकांची मालमत्ता असल्याने त्यांस परत करता येणार नाही, असे लीचे उत्तर आले. ग्रँटने अदलाबदल नाकारली. कैदी परत गेल्याने दक्षिणेची फौज भरून निघेल, हा लष्करी हिशेबही त्याच्या मनात होता, हे खरे आहे. परंतु उत्तरेचा गणवेश घातलेल्या प्रत्येकाचे रक्षण करण्यास सरकार बांधलेले आहे, ही भूमिका त्याने सोडली नाही. तिची किंमत भयंकर होती. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या बंदिवासात उत्तरेचे सुमारे तेरा हजार सैनिक उपासमारीने व रोगराईने मेले. त्यांच्या आईबापांनी ग्रँटला शिव्याशाप दिले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. तत्त्व बोलणे सोपे, त्याचे मोल मोजणे कठीण.

एप्रिल १८६५ मध्ये पीटर्सबर्ग व राजधानी रिचमंड पडली, आणि ९ एप्रिल रोजी अॅपोमॅटॉक्स येथे विल्मर मॅक्लीन याच्या घरी ली शरण आला. ली उंची पोशाखात, कमरेला सुंदर तलवार. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या गणवेशात. ग्रँटने सूड घेतला नाही. शस्त्रे खाली ठेवून सर्वांनी घरी जावे, अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी व पिस्तुले ठेवून घ्यावीत, ज्यांचे घोडे असतील त्यांनी ते पेरणीसाठी न्यावेत, असे ठरले. उपाशी शत्रुसैन्यास त्याने शिधा देवविला, आणि आपल्या सैनिकांनी आनंदाच्या तोफा सुरू करताच त्या बंद करविल्या. तहाची स्वच्छ प्रत लिहिली ती त्याच्या हाताखालील ईली पार्कर या सेनेका जमातीच्या अधिकाऱ्याने. पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. त्या रात्री नाटकास येण्याचे लिंकनचे आमंत्रण ग्रँटने नाकारले होते. सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेऊन युद्ध संपले, आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

चरित्र येथे संपविले असते तर ते गोड झाले असते. पण खरी लढाई पुढेच होती. १८६८ च्या निवडणुकीत ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला व आठ वर्षे त्या पदावर राहिला. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. जेफर्सन डेव्हिस पूर्वी ज्या मिसिसिपी राज्यातर्फे सिनेटात बसे, त्याच राज्यातर्फे हिराम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सभासद तेथे येऊन बसला. हे न साहून कू क्लक्स क्लॅन नावाच्या गुप्त टोळ्यांनी दक्षिणेत फटके, जाळपोळ व खून यांचे सत्र आरंभिले. ग्रँटने १८७१ साली त्यांच्याविरुद्ध कडक कायदा करविला, साउथ कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत लष्कर घालून शेकडो धरपकडी केल्या, आणि त्या टोळ्यांचा कणा मोडला.

परंतु मग उत्तरेचे लोक थकले. १८७३ साली व्यापारात मंदी आली, ग्रँटच्या विश्वासातील माणसांचे लाचलुचपतीचे प्रकार उघडकीस आले, आणि दक्षिणेत फौज ठेवणे लोकांस नकोसे झाले. १८७३ साली लुइझियानातील कोलफॅक्स येथे अनेक कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. तिच्या प्रकरणातील आरोपी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. १८७५ च्या निवडणुकीत मिसिसिपीच्या राज्यपालाने लष्कर मागितले तेव्हा ग्रँटने ते पाठविले नाही. स्वतःच्या पक्षाचे नुकसान टाळण्याच्या त्या हिशेबात त्याचीही कसोटी त्या वर्षी हुकली. १८७७ साली, तो पदावरून गेल्यावर, फौजेचे संरक्षण निघून गेले. त्यानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार जो हिरावला गेला, तो प्रत्यक्षात मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. रणांगणावर चार वर्षांत जे जिंकले, ते घरोघर पोहोचण्यास शंभर वर्षे लागली!

पदमुक्त झाल्यावर ग्रँट जगप्रवासास निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईस उतरला, आणि मलबार पॉइंट येथे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा पाहुणा झाला. त्याच्या सहा वर्षे आधी, ग्रँट अध्यक्षपदी असतानाच, महात्मा जोतिराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला होता. ज्या युद्धाचा ग्रँट सेनापती होता, त्याचा अर्थ पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने किती अचूक ओळखला होता, हे पाहून आमचा ऊर भरून येतो.

अखेरची वर्षे पुन्हा हालाची गेली. १८८४ साली भागीदाराच्या लबाडीने पेढी बुडाली व ग्रँट कफल्लक झाला. त्याच वर्षी त्याला घशाचा कर्करोग जडला. बायकोला मागे काही राहावे म्हणून, घास गिळणेही असह्य असताना, त्याने आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. ग्रंथ पुरा झाला आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी त्याने प्राण सोडला. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या त्या ग्रंथापासून ज्यूलियास चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. प्रेतयात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत मित्र शर्मन होता, तसाच शत्रुपक्षाचा बक्नरही होता.

आमच्या तरुण ज्ञातिबांधवांनी ह्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. परीक्षेत वा धंद्यात एकदा अपयश आले म्हणून कोणी स्वतःस निकालात काढू नये. लाकूड विकणारा मनुष्य आठ वर्षांत साऱ्या सैन्याचा सेनापती झाला. आणि दुसरी अधिक महत्त्वाची. हक्क कायद्याच्या कागदावर आला म्हणजे काम संपले असे मानून जे स्वस्थ बसतात, त्यांच्या हातून तो निसटतो. त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या, आणि स्वतःला तोशीस सोसून करावी लागते. ग्रँटने तशी तोशीस सोसली तेव्हा विल्यम जोन्स मोकळा झाला. त्याने व त्याच्या देशाने ती टाळली तेव्हा लक्षावधी जोन्स पुन्हा बांधले गेले.